महाविद्यालयीन संशोधन पत्रिकेचे संपादन: आवक वहीपासून लेख मागे घेण्यापर्यंत

फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘यूजीसी-केअर’ ही संशोधन पत्रिकांची यादी बंद केली आणि पत्रिकेचा दर्जा पारखण्याचे काम विद्यापीठे, महाविद्यालये आणि स्वतः संशोधक यांच्यावर सोपवले. ही यादी असेपर्यंत कोल्हापूर, सांगली किंवा साताऱ्यातील एखाद्या महाविद्यालयाची सहामाही पत्रिका ‘यादीत आहे की नाही’ या एकाच प्रश्नावर तोलली जात असे. आता त्या पत्रिकेत लेख छापलेल्या प्राध्यापकाला स्थाननिश्चितीच्या वेळी ‘तुमचा लेख तिथे कसा तपासला गेला’ असे विचारले गेले, तर त्याचे उत्तर यादीत सापडणार नाही. ते पत्रिकेच्या संपादकाकडे कागदावर असेल तरच सापडेल.

प्राचार्यांनी तासिका, परीक्षा आणि समित्यांच्या कामांबरोबरच ‘आपली पत्रिका तुम्ही बघा’ असे ज्यांना सांगितले आहे, त्या प्राध्यापकांसाठी हा लेख लिहीत आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील अशी एक पत्रिका मी बरीच वर्षे सांभाळली. मोठ्या प्रकाशन संस्थांचे नियम आपल्याकडे जसेच्या तसे का लागू पडत नाहीत, हे त्या काळात मला कळले. आपल्या तीन जिल्ह्यांत एका विषयाचे अभ्यासक बोटांवर मोजण्याइतके असतात; लेखक, परीक्षक आणि संपादक एकमेकांना ओळखतात, एकाच मार्गदर्शकाचे विद्यार्थी असतात, कधी पाहुणेही निघतात. नाव झाकले तरी हस्ताक्षर ओळखावे तसा लेख ओळखला जातो. म्हणून आपल्या पत्रिकेची सचोटी केवळ गुप्ततेवर किंवा संपादकाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही. लेख कोणी घेतला, कोणी पाहिला, कोणी ठरवले आणि कोण बाजूला राहिले, याची त्या-त्या वेळी केलेली लेखी नोंद हाच तिचा खरा आधार आहे. पुढील प्रत्येक पायरी या नोंदीभोवतीच रचलेली आहे.

पहिली पायरी: आवाहनाआधी धोरण

लेख मागवणारे पत्रक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरवण्याआधी चार-पाच पानांचे संपादकीय धोरण लिहून ते पत्रिकेच्या संकेतस्थळावर ठेवावे. पत्रिकेचे विषय कोणते, अंक कोणत्या महिन्यांत निघतात, परीक्षण कोणत्या पद्धतीने आणि किती परीक्षकांकडून होते, त्याला साधारण किती आठवडे लागतात, लेखाचा स्वामित्वहक्क कोणाकडे राहतो, तक्रार कोणाकडे करायची आणि छापल्यानंतर चूक सापडली तर काय केले जाते, हे सारे त्यात यावे. फी घेत असाल तर तिची रक्कम आणि ती कोणत्या टप्प्यावर घेतली जाते, हे लेख पाठवण्यापूर्वीच लेखकाला दिसले पाहिजे. ‘लेख स्वीकारला आहे, आता अमुक रक्कम भरा’ असे ज्याला प्रथमच कळते, त्याच्याशी आपण सरळ वागलेलो नसतो.

धोरणाचा मसुदा शून्यातून लिहिण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये १९९७ साली संपादकांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ म्हणजे ‘कोप’ या संस्थेने दुहेरी प्रकाशन, बनावट माहिती, लेखकत्वाचे वाद अशा प्रसंगांत संपादकाने काय करावे, याचे टप्प्याटप्प्याचे आराखडे तयार केले आहेत आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. ते वाचावेत, आपल्या परिस्थितीला साजेसे करून घ्यावेत. परंतु सदस्यत्व नसताना त्यांचे बोधचिन्ह छापू नये. हीच गोष्ट ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ची. पत्रिकेतील लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो हे सांगणारा हा आकडा क्लॅरिव्हेट ही संस्था आपल्या वार्षिक अहवालातून जाहीर करते. त्याच्याशी मिळतेजुळते नाव देऊन आकडे विकणाऱ्यांची पत्रे संपादकाच्या ई-मेलवर वारंवार येतात. मुखपृष्ठावर असा विकत घेतलेला आकडा छापणे ही वाचकाची फसवणूक आहे.

आयएसएसएन हा आठ स्थानांचा ओळखक्रमांक असतो. तो नवी दिल्लीतील राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो आणि छापील व ऑनलाइन आवृत्तीसाठी वेगवेगळा घ्यावा लागतो. त्यावरून पत्रिका कोणती हे कळते, ती कशी आहे हे मुळीच कळत नाही. म्हणून ‘आयएसएसएन मान्यताप्राप्त’ हा आपल्याकडे रूढ झालेला शब्दप्रयोग पत्रकातून काढून टाकावा. अशा पत्रिकेची सरकारकडे नोंदणी करावीच लागते, असाही गैरसमज आढळतो. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा आणि १ मार्च २०२४ पासून लागू झालेला प्रेस व नियतकालिक नोंदणी कायदा वैज्ञानिक, तांत्रिक व शैक्षणिक स्वरूपाच्या पत्रिकांना ‘नियतकालिक’ या व्याख्येत धरत नाही.

संपादक मंडळातील प्रत्येकाची लेखी संमती आणि मुदत दप्तरी ठेवावी. दूरच्या विद्यापीठातील नामवंतांची नावे त्यांना न विचारता छापण्याची पद्धत आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की, ती चूक आहे हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. ज्याने वर्षभरात एकही लेख पाहिला नाही, त्याचे नाव मंडळात ठेवून पत्रिकेचे वजन वाढत नाही.

दुसरी पायरी: आवक वही

प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात आवक-जावक रजिस्टर असते. पत्रिकेसाठी तसेच एक रजिस्टर किंवा संगणकावरील तक्ता स्वतंत्र ठेवावा. लेख आला त्याच दिवशी त्याला क्रमांक द्यावा. पुढे साम्य तपासणीची (मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने पाहण्याची) तारीख, परीक्षकांची नावे, लेख पाठवल्याची व परत आल्याची तारीख, शिफारस, निर्णय, निर्णय घेणाऱ्याचे नाव आणि निर्णयप्रक्रियेतून बाजूला राहिलेल्याचे नाव असे रकाने असावेत. शेवटचा रकाना बहुतेकांच्या तक्त्यात नसतो, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच आहे.

लेख फोनवरून, कॉरिडॉरमध्ये किंवा एखाद्या संस्थाचालकांच्या शिफारशीच्या चिठ्ठीसह ‘स्वीकारला’ जाऊ नये. लेख कोणाचाही असो, तो पत्रिकेच्या ई-मेलवर यावा आणि वहीत चढावा. हा ई-मेल पत्रिकेच्या नावाचा असावा, संपादकाचा खासगी नसावा, कारण संपादक बदलतो आणि पत्रव्यवहार त्याच्याबरोबर निघून जातो. परीक्षकांच्या नावांचा रकाना संपादक व सहसंपादक यांच्याशिवाय कोणालाही, अगदी प्राचार्यांनाही, खुला नसावा.

लेखासोबत एक पानाचे घोषणापत्र घ्यावे: लेख अन्यत्र प्रसिद्ध झालेला नाही व सध्या दुसऱ्या पत्रिकेकडे विचाराधीन नाही; आर्थिक साहाय्य कोणाचे होते; कोणाशी हितसंबंध आहेत का; माहिती कोठे पाहता येईल; कृत्रिम बुद्धिमत्तेचे कोणते साधन कोणत्या कामासाठी वापरले. या शेवटच्या मुद्द्यावर ‘कोप’ने २०२३ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली आहे. असे साधन मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही, म्हणून ते लेखक होऊ शकत नाही. वापर केला असेल तर तो सांगावा, आणि मजकुरातील चुकांचे उत्तरदायित्व माणसाचेच राहील. अस्तित्वात नसलेले संदर्भग्रंथ हे अशा साधनांमधून आलेल्या मजकुराचे नेहमीचे लक्षण आहे. संदर्भसूचीतील पाच नोंदी यदृच्छेने निवडून त्या खरोखर आहेत का, हे सहसंपादकाने अर्ध्या तासात पाहावे. हा अर्धा तास परीक्षकाचे कित्येक तास वाचवतो.

तिसरी पायरी: लेखकांची नावे

वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, जी १९७८ मध्ये व्हँकुव्हर येथे प्रथम एकत्र आली, लेखक कोणाला म्हणावे यासाठी चार अटी सांगितल्या आहेत. संशोधनाची कल्पना, रचना, माहितीसंकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा असणे. मसुदा लिहिणे किंवा त्यात आशयाच्या दृष्टीने महत्त्वाची दुरुस्ती करणे. अंतिम मजकुराला मान्यता देणे. आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तरदायी राहण्यास तयार असणे. चारही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. अट वैद्यकाची असली तरी इतिहास, वाणिज्य किंवा अभियांत्रिकीलाही ती तितकीच लागू करता येते.

आपल्याकडील प्रत्यक्ष स्थिती अशी असते. रंकाळ्याच्या पाण्याचे नमुने पहाटे जाऊन गोळा करणारी, प्रयोगशाळेत ते तपासणारी आणि पहिला मसुदा लिहिणारी पदव्युत्तर विद्यार्थिनी लेखाच्या शेवटी ‘आभार’ या शीर्षकाखाली जाते, आणि ज्यांनी मसुदा वाचलाही नाही असे विभागप्रमुख दुसरे लेखक होतात. किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत ज्यांच्या सहकार्याने साच्याच्या वाळूच्या चाचण्या झाल्या त्या पर्यवेक्षकांचा उल्लेखही होत नाही. पहिल्या प्रकारात हक्काचे लेखकत्व हिरावले जाते, दुसऱ्यात कृतज्ञतेचे साधे कर्तव्य चुकते. संपादकाने या दोहोंतला फरक ओळखावा. पर्यवेक्षक लेखक नाहीत, परंतु आभारांत त्यांचे नाव त्यांच्या परवानगीने यायलाच हवे.

यावर मला सापडलेला सर्वांत साधा उपाय म्हणजे प्रत्येक लेखकाचा स्वतंत्र ई-मेल मागणे आणि लेख पोहोचल्याची पोच सर्वांना वेगवेगळी पाठवणे. ‘या लेखाबद्दल मला काहीच माहीत नाही’ असे उत्तर पहिल्याच वर्षी आम्हाला दोनदा आले. त्याशिवाय संकल्पना, कार्यपद्धती, क्षेत्रकाम, विश्लेषण, लेखन अशा कामांपैकी कोणी काय केले, हे लेखाच्या अखेरीस दोन ओळींत छापावे. ‘क्रेडिट’ नावाच्या प्रचलित वर्गीकरणात अशा १४ भूमिका आहेत, त्यांतील लागू असलेल्या घ्याव्यात. लेख दाखल झाल्यावर नाव वाढवायचे किंवा वगळायचे असेल, तर ज्याचे नाव वगळले जात आहे त्याच्यासह सर्वांची लेखी संमती घ्यावी. विद्यार्थ्याचे नाव ‘चुकून राहिले’ आणि ‘चुकून गळले’ हे दोन्ही प्रकार या एका अटीने थांबतात.

चौथी पायरी: साम्य तपासणी आणि तिच्या मर्यादा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियमांत साम्याच्या चार पातळ्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत किरकोळ, १० ते ४० टक्के पहिली, ४० ते ६० टक्के दुसरी आणि ६० टक्क्यांहून अधिक तिसरी. प्रसिद्ध लेखाच्या बाबतीत पहिल्या पातळीवर लेख मागे घ्यावा लागतो. दुसऱ्या पातळीवर त्याशिवाय एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षे मार्गदर्शक होता येत नाही. तिसऱ्या पातळीवर सलग दोन वेतनवाढी आणि तीन वर्षांचे मार्गदर्शन जाते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायद्यांचा मजकूर, प्रमाण समीकरणे आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळणारे शब्द या मोजणीतून वगळले जातात.

या आकड्यांचा अर्थ ‘१० टक्के चोरी चालते’ असा लावला जातो. तो चुकीचा आहे. सॉफ्टवेअर साम्य मोजते. ते साम्य चौर्य आहे की नाही, हे माणसाला वाचून ठरवावे लागते. आठ टक्के साम्य जर निष्कर्षाच्या एकाच परिच्छेदात एकवटले असेल, तर तो लेख परत पाठवावा. बावीस टक्के साम्य जर मोजमापपद्धतीच्या ठरीव वर्णनातून आले असेल, तर लेखकाला ते वर्णन संक्षिप्त करून मूळ संदर्भ द्यायला सांगावे. म्हणून अहवालाचे पहिले पान नव्हे, रंगवलेली पाने वाचावीत आणि आपला अभिप्राय दोन ओळींत वहीत लिहावा.

मराठी लेखांबाबत एक अडचण अशी आहे की तिच्याकडे दुर्लक्ष केले तर सारी तपासणीच निरर्थक ठरते. आपल्या अनेक मुद्रणालयांत आणि डीटीपी केंद्रांत आजही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर टंकला जातो. पडद्यावर तो शुद्ध मराठी दिसतो, पण सॉफ्टवेअरला तो रोमन अक्षरांचा अर्थहीन गोळा वाटतो, आणि अहवालात साम्य शून्य किंवा शून्याजवळ येते. असा ‘शून्य टक्के’ अहवाल हा निर्दोषत्वाचा पुरावा नसून तपासणी झालीच नसल्याचा पुरावा आहे. लेख फक्त युनिकोडमध्ये स्वीकारण्याची अट धोरणात घालावी. जुन्या फॉन्टमधील लेख आलाच, तर रूपांतर करून, जोडाक्षरे आणि रफार नीट उतरले आहेत का ते पाहून, मगच तपासावा. प्रतिमा म्हणून स्कॅन केलेल्या पीडीएफचीही हीच गत होते.

दुसरी मर्यादा अनुवादाची. इंग्रजी, हिंदी किंवा कन्नड लेखाचा मराठी अनुवाद स्वतःच्या नावावर पाठवला, तर सामान्य तपासणीत तो पकडला जात नाही. लेखाचा मध्यवर्ती दावा आणि तीन-चार पारिभाषिक शब्द इंग्रजीत व हिंदीत करून शोधावेत, आणि ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधांत त्या विषयाचा प्रबंध आहे का, ते पाहावे. आपल्या भागातील बहुतेक उसनवारी प्रबंधांतूनच होते, असा माझा अनुभव आहे.

तिसरी मर्यादा कोल्हापूरसारख्या शहराला विशेष जाचते, कारण येथे मोडी कागदपत्रांवर काम करणारे अभ्यासक मोठ्या संख्येने आहेत. पुराभिलेखागारातील रुमालातून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून, एखाद्या अभ्यासकाने महिनोन्‌महिने बसून केलेले लिप्यंतर दुसरा लेखक उचलतो आणि तळटीप मात्र थेट मूळ कागदाची देतो, जणू तो स्वतः तिथे बसला होता. राजर्षी शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याबद्दल, ज्यात संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या, लिहिणाऱ्या कित्येकांनी करवीर सरकारच्या गॅझेटची तळटीप दिलेली असते, पण शब्द दुय्यम पुस्तकातले असतात आणि त्यातली मुद्रणाची चूकही तशीच उतरलेली असते. यासाठी लेखकाला सरळ विचारावे: मूळ कागद आपण कधी पाहिला, रुमालाचा क्रमांक काय, लिप्यंतर कोणाचे? दुसऱ्याच्या लिप्यंतरावरून घेतले असेल तर तसे लिहिण्यात कमीपणा काहीच नाही.

क्षेत्रकाम असेल तर

ऊसतोड मजूर, जोगतिणी, पूरग्रस्त कुटुंबे, रुग्ण किंवा शाळकरी मुले यांच्यावरील लेखात संमती कशी घेतली आणि कोणत्या नैतिक समितीने परवानगी दिली, हे नसेल तर लेख परीक्षणाला पाठवूच नये. छापताना गावाचे नाव, वय, व्यवसाय आणि कुटुंबरचना एकत्र दिली तर नाव न देताही माणूस ओळखता येतो. तीन-चारशे उंबऱ्यांच्या गावात तर हमखास. चेहरा दिसणारी छायाचित्रे लेखी संमतीशिवाय छापू नयेत, मग ती कितीही बोलकी असोत.

पाचवी पायरी: परीक्षक

प्रत्येक लेख दोन परीक्षकांकडे जावा आणि दोघांपैकी किमान एक आपल्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राबाहेरचा असावा. कोल्हापूरची ही एक सोय आहे की धारवाड, बेळगाव आणि गोवा येथील विद्यापीठे जवळ आहेत आणि तेथे आपले विषय जाणणारे, मराठी वाचणारे अभ्यासक आहेत. तरीही आपण पुन:पुन्हा त्याच पाच-सहा नावांकडे वळतो. चाळीस-पन्नास परीक्षकांची विषयवार यादी तयार करावी आणि एका परीक्षकाकडे वर्षाला दोनपेक्षा अधिक लेख पाठवू नयेत.

पाठवण्यापूर्वी लेख अनामिक करावा. पहिल्या पानावरील नाव काढणे पुरेसे नसते. ‘माझ्या पूर्वीच्या लेखात’ अशी वाक्ये, आभार, अनुदानाचा उल्लेख आणि फाइलच्या गुणधर्मांत दडलेले लेखकाचे नावही काढावे लागते. वर्डमध्ये ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ ही सोय वापरून हे दोन मिनिटांत होते.

एवढे करूनही परीक्षकाला लेखक ओळखू येणारच, हे गृहीत धरावे. म्हणून परीक्षकाला लेख उघडण्याआधी हितसंबंधांचे निवेदन भरायला सांगावे आणि त्यातील प्रश्न मोघम ठेवू नयेत. ‘काही हितसंबंध आहेत का’ असे विचारले की उत्तर नेहमी ‘नाही’ येते. त्याऐवजी असे विचारावे: लेखक कोण असावा याचा आपल्याला अंदाज आहे का? ती व्यक्ती आपली विद्यार्थी, मार्गदर्शक, सहलेखक, नातेवाईक किंवा एकाच संस्थेतील सहकारी आहे का? गेल्या तीन वर्षांत तिच्याशी निवड, बढती किंवा संघटनेच्या कामावरून आपला वाद झाला आहे का? आपण याच विषयावर सध्या लेख लिहीत आहात का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर लेख दुसरीकडे पाठवावा, आणि ज्याने प्रामाणिकपणे हे सांगितले त्याचे आभार मानावेत. वैराइतकाच स्नेहही आड येतो.

परीक्षकाला दिलेला लेख ही ठेव आहे. तो त्याने कोणाला दाखवू नये, त्यातील कल्पना वापरू नये आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सार्वजनिक साधनात टाकून अहवाल तयार करून घेऊ नये, हे पाठवणीच्या पत्रातच लिहावे. ‘लेख चांगला आहे, छापावा’ एवढाच अहवाल आला तर तो अहवाल मानू नये. दावा काय आहे, पुरावा त्याला पेलतो का, कोणते संदर्भ राहिले, काय दुरुस्त करावे, या चार प्रश्नांची उत्तरे मागणारा नमुना पाठवला की बहुतेक परीक्षक मनापासून लिहितात. लेखकाला अपमानकारक वाटेल असा मजकूर संपादकाने गाळावा, परंतु अहवालाचा आशय बदलू नये.

सहावी पायरी: निर्णय

निर्णय संपादकाचा असतो, परीक्षकाचा नव्हे. दोघांचे मत भिन्न असल्यास तिसरा परीक्षक नेमावा किंवा आपली कारणे लिहून निर्णय घ्यावा. नकाराच्या पत्रात कारणे द्यावीत. नवोदित संशोधकाला कारणांसह आलेला नकार पुष्कळदा स्वीकारापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

संपादकाचा स्वतःचा, त्याच्या विद्यार्थ्याचा किंवा विभागातील सहकाऱ्याचा लेख आला तर तो पूर्णपणे सहसंपादकाकडे सोपवावा, त्याचे परीक्षक संपादकाला कळू नयेत, वहीत ‘बाजूला राहिले’ या रकान्यात संपादकाचे नाव लिहावे आणि लेखाखाली तशी एक ओळ छापावी. संपादक प्रत्येक अंकात स्वतःचा लेख छापत असेल, तर कोणत्याही ओळीने तो प्रकार सावरला जात नाही.

विशेषांकाबद्दल मला थोडे कठोर लिहावे लागते. एकदिवसीय राष्ट्रीय परिसंवाद ठरतो, नोंदणी फीमध्येच ‘आयएसएसएन पत्रिकेत प्रकाशन’ समाविष्ट असते, शे-दीडशे लेख येतात आणि आठवड्याभरात सगळेच अंकात जातात. त्या आठवड्यात इतक्या लेखांचे परीक्षण झाले, असे कोणी म्हणाले तर ते खरे असू शकत नाही. बाहेरील अतिथी संपादकांवर सोपवलेल्या विशेषांकांतून काय होते, याचा धडा एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशन संस्थेला मिळाला आहे: २०२३ या एका वर्षात तिला आठ हजारांहून अधिक लेख मागे घ्यावे लागले, आणि त्यांतील बहुसंख्य अशाच विशेषांकांतील होते. परिसंवादाचे लेख छापायचे असतील तर ते ‘परिसंवाद इतिवृत्त’ म्हणून वेगळ्या पुस्तकात, परीक्षण झाले नसल्यास तसे स्पष्ट लिहून छापावेत. पत्रिकेचा विशेषांक काढायचाच असेल, तर त्यातील प्रत्येक लेख आवक वहीच्या त्याच मार्गाने जावा, मग अंकात नऊच लेख आले तरी चालतील.

स्वीकारलेल्या लेखाखाली ‘प्राप्त’, ‘सुधारित’ आणि ‘स्वीकृत’ अशा तीन तारखा छापाव्यात. जागा एका ओळीचीच लागते, पण त्या तारखा वहीशी जुळाव्या लागतात, त्यामुळे कामाला आपोआप शिस्त लागते.

सातवी पायरी: छापल्यानंतर

आमच्या पत्रिकेत एकदा गुऱ्हाळांच्या अर्थकारणावरील एक लेख प्रसिद्ध झाला. अंक निघून दोन महिने झाल्यावर दुसऱ्या जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीचे पत्र आले, की त्यातील चार तक्ते तिच्या अप्रकाशित प्रबंधिकेतील आहेत. आम्ही प्रबंधिका मागवली, तक्ते जुळवून पाहिले. तिचे म्हणणे खरे होते. त्या वेळी आम्ही जे केले ते चुकीचे होते. संबंधित लेखकाची बदनामी नको आणि महाविद्यालयाचे नावही वाचावे, म्हणून संकेतस्थळावरून लेखाची फाइल काढून टाकली आणि विद्यार्थिनीला फोन करून ‘प्रश्न मिटला’ असे सांगितले. वर्षभराने तिने स्वतःचा लेख अन्यत्र पाठवला तेव्हा इतरत्र साठलेल्या त्या प्रतीशी तिच्याच तक्त्यांचे साम्य निघाले आणि चौर्याचा संशय तिच्यावर आला. तिच्या बाजूने दाखवायला आमच्याकडून एक कागदही गेलेला नव्हता. आम्ही खुलाशाचे पत्र दिले, उशिराने जाहीर सूचनाही छापली. परंतु तिला जो मनस्ताप झाला तो आमच्या गप्प राहण्यामुळे झाला, हे मी विसरू शकत नाही.

लेख मागे घेणे ही लेखकाला दिलेली शिक्षा नसते. पुढील वाचकांनी त्या मजकुरावर विसंबू नये, यासाठी ज्ञानाच्या नोंदवहीत केलेली ती दुरुस्ती असते. म्हणून मागे घेतलेला लेख अदृश्य करायचा नाही. तो जागेवर ठेवून प्रत्येक पानावर ‘मागे घेतला’ असा ठळक शिक्का टाकावा, त्याला जोडलेली स्वतंत्र सूचना सर्वांना वाचता येईल अशी ठेवावी आणि पुढच्या छापील अंकात ती अनुक्रमणिकेतील नोंदीसह द्यावी. उशीर किती महागात पडतो हे ‘द लॅन्सेट’च्या उदाहरणावरून दिसते: गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा लेख १९९८ मध्ये छापला गेला आणि २०१० मध्ये पूर्णपणे मागे घेतला गेला, मधल्या १२ वर्षांत लशीबद्दलची भीती अनेक देशांत पसरली.

तक्रार आल्यावर क्रम असा ठेवावा. प्रथम तक्रारीला लेखी पोच द्यावी आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे. मग पुरावे जोडून लेखकाला पत्र पाठवावे व उत्तरासाठी तीन आठवडे द्यावेत. फोनवर निकाल लावू नये. लेखकाच्या संस्थेतील शैक्षणिक सचोटी समितीला कळवावे, कारण दोष कोणाचा हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे, पत्रिकेचा नव्हे. चौकशी लांबत असेल आणि शंका गंभीर असेल, तर ‘या लेखाविषयी चौकशी सुरू आहे’ असे निवेदन लेखाला जोडून ठेवावे. आकडा, नाव किंवा तक्ता चुकला असेल पण निष्कर्ष टिकत असेल, तर दुरुस्तीपत्र पुरे. निष्कर्षच टिकत नसेल किंवा मजकूर दुसऱ्याचा असेल, तर लेख मागे घ्यावा.

सूचनेची भाषा कोरडी आणि नेमकी असावी. आम्ही पुढे हा नमुना वापरला: ‘वर्ष अमुक, अंक अमुक, पृष्ठे अमुक ते अमुक येथे प्रसिद्ध झालेला हा लेख संपादक मंडळ मागे घेत आहे. लेखातील तक्ता २ ते ५ मधील माहिती एका अप्रकाशित प्रबंधिकेतून, मूळ अभ्यासकाची परवानगी व उल्लेख यांशिवाय घेतल्याचे आढळले. लेखकांना अमुक तारखेस कळवण्यात आले असून हा निर्णय त्यांना मान्य आहे.’ मान्य नसेल तर ‘मान्य नाही’ असे लिहावे. ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ हे शब्द सूचनेत येऊ देऊ नयेत.

आठवी पायरी: दप्तर सोपवणे

संपादक बदलताना बहुतेक पत्रिकांची स्मृती हरवते. नव्या संपादकाला आवक वही, घोषणापत्रे, परीक्षकांचे अहवाल, साम्य अहवाल, संमतीपत्रे, प्रलंबित तक्रारींची यादी, पत्रिकेच्या ई-मेलचा व संकेतस्थळाचा पासवर्ड आणि संकेतस्थळाच्या नूतनीकरणाची तारीख, हे सारे यादीवर दोघांच्या सह्या करून द्यावे. नूतनीकरण राहून गेल्यामुळे जुने अंक नाहीसे झालेल्या पत्रिका मी पाहिल्या आहेत. म्हणून प्रत्येक अंकाची एक छापील प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात आणि एक डिजिटल प्रत पत्रिकेच्या संकेतस्थळाव्यतिरिक्त दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. परीक्षणाचे कागद किमान पाच वर्षे जपावेत, आणि ज्या लेखावर तक्रार झाली त्याचे कागद रद्दीत कधीच घालू नयेत.